युरोफ्लो तपासणी, ठाणे ते पनवेल: बायकांसाठी सेवा कशी आहे आणि रिपोर्ट कसा वाचायचा

लघवीची धार मोजायची तपासणी म्हणजे युरोफ्लो. सुई नाही, नळी नाही, भूल नाही. मशीनला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची आणि आलेखाचा कागद घेऊन निघायचं. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, घोडबंदर रोड आणि खाडीपलीकडे वाशी, नेरुळ, खारघर, पनवेल या पट्ट्यात ही सोय तीन प्रकारच्या ठिकाणी मिळते: युरोलॉजिस्टचा स्वतःचा दवाखाना, डायग्नोस्टिक सेंटर आणि मोठं हॉस्पिटल. मशीन सगळीकडे जवळपास सारखंच काम करतं. फरक पडतो तो खोलीत, खुर्चीत, सोनोग्राफीच्या रांगेत आणि सही करण्याआधी आलेखाकडे कोणी नीट पाहिलं की नाही यात. म्हणून हे परीक्षण एखाद्या पाटीचं नाही, या सेवेचं आहे.

आमचं मत असं: तपासणी उत्तम आणि निर्धोक, सेवा मध्यम, रिपोर्टचं वाचन सगळ्यात कच्चं. कारण सरळ आहे. युरोफ्लोच्या खोलीत येणारे बहुतेक पेशंट प्रोस्टेट वाढलेले पुरुष असतात. सगळी मांडणी त्यांच्या सोयीची असते आणि आकडे तपासायची फूटपट्टीही त्यांचीच. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, बाईचा जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर, वाटेत प्रोस्टेट नाही. बाईची धार मुळातच जोरदार असते. पुरुषाच्या मापाने तिचा रिपोर्ट वाचला तर खरा दोष निसटतो. उलट थोड्याच लघवीवर केलेल्या तपासणीत नसलेला दोष चिकटवला जातो.

जागा कुठली निवडावी

युरोलॉजिस्टच्या दवाखान्याचा मोठा फायदा म्हणजे ज्याने तपासणी लिहून दिली तोच त्याच दिवशी आलेख बघतो. तोटा जागेचा. छोट्या गाळ्यातल्या दवाखान्यात मशीन बऱ्याचदा वेटिंगला लागून असलेल्या टॉयलेटमध्ये ठेवलेलं असतं. बाहेर दहा माणसं बसलेली, दार पातळ, आवाज बाहेर जातो. स्टँड उभ्याने वापरायच्या उंचीला लावलेला असतो आणि बसायची खुर्ची मागितल्याशिवाय येत नाही. अशा ठिकाणी बाई आखडते, खालचे स्नायू सैल सोडत नाही आणि आलेख तुटक येतो. तो दोष लघवीच्या पिशवीचा नसून दाराचा असतो.

डायग्नोस्टिक सेंटरमध्ये पिशवीत उरलेली लघवी बघायची सोनोग्राफी शेजारच्याच खोलीत असते, ही जमेची बाजू. पण टेक्निशियन सकाळपासून ईसीजी, एक्सरे, रक्ताचे नमुने यात गुंतलेला. युरोफ्लोसाठी त्याला वेगळं शिकवलेलं असेलच असं नाही. बटण दाबून तो बाहेर जातो आणि मशीन जे छापेल ते रिपोर्टमध्ये उतरतं.

मोठ्या हॉस्पिटलातली युरोडायनॅमिक्सची, म्हणजे पिशवीतला दाब आणि धार मोजायची, खोली बायकांसाठी सगळ्यात बरी. आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली, भोक असलेली कमोडची खुर्ची, बाई टेक्निशियन किंवा सिस्टर, आणि उरलेली लघवी जागेवरच मोजायला हातात धरायचा ब्लॅडर स्कॅनर. पैसे जास्त जातात, अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. पहिली तपासणी इथे करावी, औषध सुरू झाल्यावरची फेरतपासणी घराजवळच्या दवाखान्यात चालेल, असं आम्ही सुचवू. खर्चाची अडचण असेल तर शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर इथे युरोलॉजीचे विभाग आहेत. ठाण्याहून शीवला स्लो लोकल थेट जाते, नवी मुंबईकरांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. नेरुळला डी. वाय. पाटील रुग्णालयातही युरोलॉजी आहे. कुठेही जा, युरोफ्लो कोणत्या वारी होते ते आधी विचारून घ्या.

घरून निघताना पाणी पिऊ नका

जवळपास प्रत्येक ठिकाणी फोनवर एकच सूचना मिळते: "एक लिटर पाणी पिऊन या." घोडबंदरला राहणाऱ्या आणि नौपाड्यात तपासणी असलेल्या बाईला ही सूचना जाचक आहे. मानपाडा, कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा-पाऊण तास अडकलं की पिशवी फुटायला येते. सायन-पनवेल हायवेवरही तेच. मग एकतर ती वाटेत कुठेतरी लघवी करून मोकळी होते आणि पोचल्यावर ८० मिलिलिटरवर तपासणी उरकली जाते, नाहीतर ७०० मिलिलिटर घेऊन पोचते. दोन्ही निकामी. पिशवी कमी भरलेली असेल तर धार जोर धरण्याआधीच संपते. ५००-५५० मिलिलिटरच्या वर ताणली गेली तर स्नायू थकतो आणि धार पुन्हा मंदावते. विश्वासार्ह आलेखासाठी निदान १५० मिलिलिटर लघवी बाहेर यायला हवी. २०० ते ४०० असेल तर उत्तम.

बरोबर पद्धत अशी. घरून निघताना लघवी करून निघा. पोचल्यावर नाव लिहा आणि मग अर्धा लिटर, म्हणजे दोन मोठे पेले, पाणी प्या. तासाभरात, फार तर दीड तासात, नेहमीसारखी लघवी लागते. घरी ज्या वेळी उठून जाल तितकीच लागली की टेक्निशियनला सांगा. दाबून धरायची शर्यत नाही आणि 'पुढचा नंबर तुमचा' म्हणून न लागताच जाऊही नका. लोकलने नोकरीला जाणाऱ्या पुष्कळ बायका स्टेशनवरची टॉयलेट टाळण्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यांनी आदल्या दिवशी तरी नेहमीइतकं पाणी प्यावं.

आधीच्या तीन दिवसांची लघवीची नोंदवही हे या तपासणीतलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी कागदपत्र. घरातलं मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्या, किती वाजता किती मिलिलिटर झाली ते लिहा, आणि काय किती प्यायलात तेही. घरी दर वेळी २५० होत असेल आणि तपासणीत १०० झाली असेल तर तो रिपोर्ट तुमचा नाहीच, हे डॉक्टरला लगेच कळतं. ही वही मागणारं सेंटर आम्ही डोळे मिटून चांगलं म्हणू.

लघवीला जळजळ असेल तर आधी रुटीन तपासणी आणि गरज असल्यास कल्चर. जंतुसंसर्गात धार आणि मात्रा दोन्ही बिघडतात, त्यामुळे तो बरा झाल्यावर युरोफ्लो करावी. पाळीमुळे तपासणी रद्द करायची गरज नसते, फक्त आधी सांगावं.

खुर्ची, कपडे आणि जेट

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि रिपोर्टवर त्यातलं काहीच दिसत नाही.

बाहेरच्या कमोडला अंग लागू नये म्हणून बऱ्याच बायका अधांतरी बसतात. मांड्या आणि ओटीपोटाचे स्नायू ताठ राहिले की मूत्रमार्गाभोवतीचे स्नायूही पूर्ण सैल होत नाहीत. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं अधांतरी बसल्याने सरासरी धार २१ टक्के कमी आणि उरलेली लघवी १४९ टक्के जास्त आढळली होती. म्हणजे खुर्ची कळकट असली तर निरोगी बाईचाही रिपोर्ट बिघडू शकतो. खुर्ची तिच्यासमोर पुसून, वर कागदी कव्हर घालून दिली तर ती टेकून बसते. ठाणे काय, वाशी काय, हे करणारं सेंटर आणि न करणारं सेंटर यांत आम्ही जमीन-अस्मानाचा फरक मानतो.

पाय जमिनीला टेकले पाहिजेत. उंच खुर्चीवर बुटक्या बाईचे पाय लोंबकळतात, तिथे पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल हवं. गुडघे थोडे फाकलेले, अंग किंचित पुढे. सलवार किंवा लेगिंग मांड्यांपर्यंतच सरकवली तर पाय जवळ राहतात, धार मांडीवर पसरते आणि नरसाळ्यात उशिरा, थेंबाथेंबाने पोचते. कपडा पूर्ण उतरवून बसणं उत्तम. साडी असेल तर निऱ्या वर खोचा, कारण पदराचा किंवा निरीचा स्टँडला धक्का लागला तरी मशीन त्याला धार समजतं. ज्यांना आयुष्यभर उकिडवं बसायची सवय आहे त्यांनी तसं टेक्निशियनला सांगावं, म्हणजे तो ते रिपोर्टवर लिहील.

आणि जेट. लघवी झाल्याबरोबर हात जेटकडे जातो. मशीन अजून चालू असतं, पाणी नरसाळ्यात पडतं आणि मापात शंभर-दोनशे मिलिलिटर वाढतात. आलेखात शेवटी एक वेगळा, उभा चढणारा उंचवटा दिसतो. टिश्यू पेपर नरसाळ्यात टाकला तर एक बारीक सुईसारखं टोक येतं. म्हणून नियम एकच: लघवी संपल्यावर स्वस्थ बसा, मशीन थांबल्याचा आवाज किंवा टेक्निशियनची हाक आली की उठा, धुणं बाजूच्या टॉयलेटमध्ये. हे आधी सांगणं टेक्निशियनचं काम आहे. सांगत नसेल तर तुम्ही विचारा.

मशीन बहुधा वजनावर चालतं: भांड्यात दर सेकंदाला किती वजन वाढलं यावरून धार काढतं. काही मशिनांत फिरती चकती असते, तिच्यावर धार पडली की ती मंदावते आणि तिचा वेग टिकवायला लागणाऱ्या विजेवरून हिशेब होतो. वजनाचं मशीन धक्क्याला हळवं. ते डगमगत्या फरशीवर नसावं आणि मोजपात्र आधीच रिकामं करून शून्यावर आणलेलं असावं. चांगल्या ठिकाणी मोजून घेतलेलं पाणी ओतून मशीन नियमित तपासतात. तशी नोंद ठेवता का, हे विचारायला संकोच करू नका.

उरलेली लघवी: वेळेची चूक

धारेइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे लघवी झाल्यावर पिशवीत किती राहिली. ती सोनोग्राफीने किंवा ब्लॅडर स्कॅनरने बघतात. सोनोग्राफीत पिशवीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ०.५२ ने गुणतात. ६ × ५ × ४ आलं तर सुमारे ६२ मिलिलिटर.

चूक कुठे होते? रांगेत. एरवी मूत्रपिंडं मिनिटाला साधारण १ मिलिलिटर लघवी तयार करतात. लिटरभर पाणी प्यायल्यावर हाच वेग मिनिटाला १० मिलिलिटरपर्यंत जाऊ शकतो. आता डायग्नोस्टिक सेंटरमध्ये युरोफ्लो झाली आणि सोनोग्राफीचा नंबर २० मिनिटांनी लागला, तर पिशवीत नव्याने २०० मिलिलिटर आलेली असू शकते. रिपोर्टवर मात्र 'लघवी पूर्ण होत नाही' असं छापून येतं आणि बाई घाबरून घरी जाते. मोजमाप लगेच, फार तर पाच-दहा मिनिटांत व्हायला हवं. लघवी किती वाजता झाली आणि सोनोग्राफी किती वाजता, या दोन्ही वेळा रिपोर्टवर लिहून घ्या. वेळ नसलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

ब्लॅडर स्कॅनर झटपट, पण आंधळा. त्याला पाणी दिसतं, पिशवी दिसत नाही. अंडाशयात मोठी गाठ असेल, पोटात पाणी असेल किंवा बाई गरोदर असेल तर तो तेही लघवीत धरतो. आकडा अनपेक्षित आला की साध्या सोनोग्राफीने खात्री करावी.

५० मिलिलिटरच्या आत उरलं तर निश्चिंत राहा. ५० ते १०० मध्ये इतर लक्षणांसोबत बघायचं. १०० च्या वर दोनदा आलं तर कारण शोधायचं, आणि २०० च्या आसपास किंवा पुढे गेलं तर टाळाटाळ नको.

आकडे कसे लावायचे

रिपोर्टवर साधारण सहा गोष्टी असतात: कमाल धार, सरासरी धार, एकूण लघवी, लागलेला वेळ, कमाल धारेला पोचायला लागलेला वेळ आणि आलेख. धार मिलिलिटर प्रति सेकंद या एककात.

आधी एकूण लघवी बघा. १५० पेक्षा कमी असेल तर बाकी काही बघू नका, तपासणी पुन्हा. मग उरलेली लघवी. मग आलेखाचा आकार. कमाल धारेचा ठळक छापलेला आकडा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने वाचतात आणि म्हणून फसतात.

निरोगी बाईची कमाल धार २० ते ३० च्या दरम्यान किंवा त्याहूनही जास्त असते. लघवी पुरेशी झाली असेल, आलेख गोलसर असेल आणि पिशवी रिकामी होत असेल तर १५ च्या वरचा आकडा सहसा काळजीचा नसतो. १२ किंवा त्याखाली, तेही वेगवेगळ्या वेळी दोनदा, आला तर शोध घ्यायला हवा. धार ही लघवीच्या मात्रेवर अवलंबून असते, म्हणून एकट्या आकड्यापेक्षा तक्त्यावर बिंदू मांडणं बरं. बायकांसाठी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेले लिव्हरपूल तक्ते आहेत. त्यात मात्रेनुसार अपेक्षित धारेच्या रेषा असतात आणि तळाच्या १० टक्क्यांखाली बिंदू गेला तर संशय घेतात. त्या मोजमापांत पुरुषांची धार वयानुसार उतरलेली दिसली, बायकांची तशी दिसली नाही. त्यामुळे 'वय झालं, धार कमी होणारच' हे बाईच्या रिपोर्टवरचं उत्तर नाही. तुमच्या रिपोर्टखाली सिरोकी असं नाव छापलं असेल तर तो तक्ता पुरुषांचा आहे. मशीनमध्ये नाव भरताना स्त्री-पुरुष हा रकाना तसाच राहिला की असं होतं. परत करून मागा.

हिशेब पडताळायचा एक सोपा उपाय: एकूण लघवीला प्रत्यक्ष धार चालू असलेल्या सेकंदांनी भागा, सरासरी धार यायला हवी. सुरळीत आलेखात ती कमाल धारेच्या साधारण निम्मी किंवा थोडी जास्त असते. सरासरी ११ आणि कमाल ५२ छापली असेल तर आलेखात एखादं सुईसारखं टोक शोधा. मशीनने धक्का मोजलाय. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दोन सेकंदांपेक्षा छोटे चढउतार गुळगुळीत करून मगच कमाल आकडा वाचावा, तो जवळच्या पूर्णांकात द्यावा आणि लघवीची मात्रा जवळच्या १० मध्ये, असं सांगितलं आहे. '२७.४३' असा दशांशातला आकडा अचूक दिसतो, पण तो माणसाने तपासलेला नसल्याचीच ती खूण.

आलेखाचे आकार हा या रिपोर्टचा प्राण. चांगला आलेख घंटेच्या आकाराचा: पटकन चढतो, गोल माथा, सावकाश उतरतो. लांबट, बसका, पठारासारखा आलेख म्हणजे धार सुरुवातीपासून शेवटपर्यंत मंद. वाटेत अडथळा असेल किंवा पिशवी जोर लावत नसेल. वर-खाली होणारा पण शून्याला न टेकणारा आलेख बहुधा खालचे स्नायू मध्येच आवळले जात असल्याचा. अनेक छोटे डोंगर आणि मध्ये पूर्ण शून्य, असा तुटक आलेख म्हणजे बाई कुंथून, पोटाने जोर देऊन लघवी करते आहे. मनोऱ्यासारखा उंच, अरुंद आलेख घाईची लघवी असलेल्या किंवा खोकल्या-शिंकल्यावर लघवी होणाऱ्या बायकांमध्ये दिसतो.

काही नमुने बघू.

कमाल २८, लघवी ३२०, वेळ १८ सेकंद, उरलेली १५, घंटेचा आकार. सरासरी जवळपास १८. हा निरोगी रिपोर्ट. तरीही तक्रार असेल तर ती धारेत नाही, दुसरीकडे शोधा.

कमाल ९, लघवी ८०, उरलेली १०. वर लाल अक्षरात 'असामान्य'. हा रिपोर्टच नाही. तासाभराने पुन्हा.

कमाल १०, लघवी २६०, वेळ ४८ सेकंद, उरलेली १८०, पठारासारखा आलेख. सरासरी पाचच्या थोडी वर. पिशवीत एकूण ४४० होती, त्यातली ५९ टक्के बाहेर आली. हा रिपोर्ट गंभीरपणे घ्यायचा. दुसऱ्या वेळी असाच आला तर पुढच्या तपासण्या.

कमाल ३८, लघवी २१०, वेळ ९ सेकंद, उरलेली शून्य, मनोरा. अडथळा नाही हे जवळपास नक्की. घाई किंवा गळती आहे का ते विचारायचं.

कमाल १६, लघवी ३००, उरलेली ९०, चार डोंगर आणि मध्ये शून्य. आकडा बघून 'ठीक आहे' म्हणणारे इथे चुकतात. ती कुंथते आहे. खोलीमुळे आखडली का, एरवीही असंच करते का, हे विचारून एकांतात दुसऱ्यांदा तपासावं.

प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: "ताई, घरी होते तशीच झाली का?" उत्तर नाही असेल तर ते रिपोर्टवर लिहिलं पाहिजे. हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात आणि बऱ्याच ठिकाणी तो विचारला जात नाही.

ही तपासणी काय सांगत नाही

युरोफ्लो धार मंद आहे एवढंच सांगते. का मंद आहे ते सांगत नाही. वाट अडलेली असली तरी आलेख बसका येतो आणि पिशवीचा स्नायू दुबळा असला तरी तसाच येतो. ही दोन टोकाची कारणं आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे. वेगळी ओळखायची तर पिशवीतला दाब आणि धार एकाच वेळी मोजावी लागते, म्हणजे पूर्ण युरोडायनॅमिक्स. बायकांमध्ये धार १२ किंवा कमी आणि त्याच वेळी स्नायूचा दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर अडथळ्याकडे बोट जातं. दाब कमी आणि धारही कमी, तर स्नायू दुबळा.

म्हणूनच आमची सगळ्यात तीव्र हरकत इथे आहे. एका युरोफ्लोच्या जोरावर बाईला 'मूत्रमार्ग अरुंद आहे, मोठा करून घ्या' असं सांगून डायलेटेशनची तारीख देणं चूक आहे. खरोखर आकुंचन असलेल्या बायका कमी असतात. ते दुर्बिणीने, दाबाच्या तपासणीने किंवा एक्सरेने सिद्ध व्हायला हवं. आकुंचन नसताना वारंवार मार्ग ताणला तर तिथे जखम होऊन व्रण पडतो आणि पुढे तोच अडथळा बनतो. कोणी असा सल्ला दिला तर दाबाच्या तपासणीचा रिपोर्ट मागा, नाहीतर दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत घ्या. या मुद्द्यावर बाईने भीड धरू नये.

बायकांमध्ये मंद धारेची नेहमीची कारणं वेगळीच असतात. अंग बाहेर येणं हे मोठं कारण, कारण योनीची पुढची भिंत खाली उतरली की मूत्रमार्ग दुमडतो. अंग वर सारल्यावर किंवा पेसरी (अंग वर धरून ठेवणारी रिंग) बसवल्यावर युरोफ्लो पुन्हा केली तर फरक आलेखात दिसतो, आणि ही युक्ती फार कमी ठिकाणी वापरली जाते. खोकल्यावर लघवी होते म्हणून ऑपरेशन करून मूत्रमार्गाखाली बसवलेली पट्टी जास्त घट्ट झाली तरी धार मंदावते. ऑपरेशनआधीचा युरोफ्लो फाइलला असेल तर तुलना होते, नसेल तर अंदाजाने काम चालतं. जुना मधुमेह आणि मणक्याचे आजार पिशवी दुबळी करतात. बद्धकोष्ठ तर आहेच.

आणि औषधं. सर्दीच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, ॲमिट्रिप्टिलिन, शिवाय घाईच्या लघवीसाठी दिलेलं सोलिफेनासिन किंवा टोल्टेरोडिन ही सगळी पिशवीचा जोर कमी करू शकतात किंवा तोंड आवळू शकतात. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. स्वतःहून बंद मात्र करू नका. लिहून देणाऱ्याला विचारा.

लघवी पूर्ण अडली असेल, थंडी वाजून ताप येत असेल, किंवा पाठदुखीसोबत पायात अशक्तपणा आणि बसायच्या जागी बधिरपणा आला असेल तर युरोफ्लोची अपॉइंटमेंट बघत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

फोनवर चार गोष्टी विचारा: बाई टेक्निशियन आहे का, बसायची खुर्ची आणि आतून कडी आहे का, लगेच उरलेली लघवी मोजता का आणि ती त्याच पैशांत धरलेली आहे का, आणि लघवी कमी झाली तर दुसऱ्यांदा करताना पुन्हा पैसे घेता का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण दुसऱ्या वेळेचे पैसे वेगळे घेणाऱ्या ठिकाणी ८० मिलिलिटरचा आलेखही 'चालेल' म्हणून दिला जाण्याची शक्यता वाढते.

आलेखाचा मूळ कागद मागून घ्या, फक्त टाइप केलेला सारांश नको. बऱ्याच मशिनांतून तो थर्मल कागदावर येतो आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत काही महिन्यांत पुसट होतो. त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर सपाट ठेवून फोटो घ्या, आणि मागे पेनने लिहा: तारीख, किती पाणी प्यायलं, लघवी आणि सोनोग्राफीची वेळ, घरच्यासारखी झाली की नाही.